एक अंबाडी द्या, पण तारीख बघून!

भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या एसटीत बसा आणि कंडक्टरला म्हणा, "एक अंबाडी!" हातात तिकीट पडेल. तेच दोन शब्द मंडईत म्हणा, हातात जुडी पडेल. आणि तेच दोन शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या दोर वळणाऱ्याला ऐकवले असते, तर त्यानं वाखाची पेंडी समोर आपटली असती.

अंबाडी नाका माहीत आहे ना? भिवंडी तालुक्यातला तोच तो, जिथून सरळ गेलं की वाडा आणि डावीकडे वळलं की वज्रेश्वरी-गणेशपुरी. गाव आधी की भाजी आधी, हा वाद नाक्यावरच्या चहाच्या टपरीसाठी राखून ठेवू. कारण आज आपला हीरो गाव नाही, भाजीही नाही. आजचा हीरो आहे भिंतीवरचं कॅलेंडर!

एकच झाड. जुलैत कापलं तर भाजी, सप्टेंबरात कापलं तर दोर, नोव्हेंबरात कापलं तर तेलबी. झाडाच्या पोटातलं रसायन तारखेगणिक बदलतं. आणि हेम्प म्हणवणाऱ्या झाडांत तर हा खेळ इतका रंगतो की कुठे दोर तुटतो, कुठे पोलीस येतात!

नाव सोनूबाई...

माहीत आहे का? अंबाडीच्या शास्त्रीय नावातच गांजा दडलाय. हिबिस्कस कॅनाबिनस! कॅनाबिनस म्हणजे कॅनाबिससारखी, अर्थात गांजाच्या झाडासारखी. हे बारसं केलं स्वीडनच्या कार्ल लिनियसनं, १७५९ मध्ये. खऱ्या गांजाच्या झाडाचं, कॅनाबिस सतायव्हाचं, बारसं त्यानंच सहा वर्षं आधी उरकलं होतं. पानांचा पंजा सारखा दिसला आणि बिचाऱ्या भाजीच्या कपाळी कायमचा शिक्का बसला.

नात्यागोत्यात मात्र काडीचा संबंध नाही. अंबाडी ही जास्वंद, भेंडी आणि कापूस यांची बहीण. गांजाच्या कुळात बघावं तर हॉप्सचा वेल, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारा. एकीचं माहेर भाजी मंडईत, दुसरीचं थेट बारमध्ये!

आणि गंमत पुढे आहे. अंबाडीच्या बऱ्याच वाणांत रोपाची पहिली पानं साधी, बदामाच्या आकाराची असतात. पंजासारखी फाटलेली पानं येतात ती नंतर, झाड वयात आल्यावर. म्हणजे गांजाचा वेश धारण करायलासुद्धा तारीख लागते.

व्यापाऱ्यांनी तर नावांचा धुमाकूळच घातला. डेक्कन हेम्प म्हणजे अंबाडी. अंबारी हेम्प म्हणजेही अंबाडी (हत्ती नाही, हौदा नाही, नुसता पाला!). बिमली ज्यूट? पुन्हा अंबाडीच, आंध्रातल्या भीमुनिपट्टणम बंदराच्या नावावरून. आणि बॉम्बे हेम्प? ओळखलंत. २०१३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे हेम्प कंपनी' नावाचा स्टार्टअप निघाला, ज्यात पुढे रतन टाटांनीही पैसे गुंतवले. तो मात्र खऱ्याखुऱ्या हेम्पचा, म्हणजे कॅनाबिसचा. अंबाडीनं नावावर हक्क सांगितला असता तर!

जाता जाता एक केसातला फॅक्ट: मराठी ही बहुधा एकमेव भाषा असावी जिच्यात या सगळ्या वनस्पती हेअरस्टाइलमध्ये बसतात. मधोमध भांग, मागे अंबाडा. चला, पुढे.

झाडाला वय नाही, रात्र मोजता येते

माहीत आहे का? अंबाडीला आपलं वय कळत नाही. तिला कळते रात्रीची लांबी!

दिवस साधारण साडेबारा तासांच्या खाली आला की तिला फुलं धरू लागतात. ठाणे जिल्ह्यात ही वेळ येते सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणपतीच्या आसपास. आता मजा बघा. एकानं मे महिन्यात बी टाकलं, दुसऱ्यानं जुलैत. पहिल्याची अंबाडी डोक्याच्या वर गेलेली, दुसऱ्याची जेमतेम छातीला. पण फुलं दोघांकडे जवळजवळ एकाच सुमाराला! वर्गात कधीही ॲडमिशन घ्या, परीक्षेची तारीख तीच.

एकदा फूल आलं की झाडाचा सगळा हिशेब फिरतो. तोवर कमाई जात होती पानांत आणि खोडात. आता ती जाते बोंडात आणि बियांत. खोड उंची वाढवायचं सोडून कडक व्हायला लागतं. म्हणून शेतकरी जेव्हा म्हणतो, "फुलावर आलंय," तेव्हा तो रोमँटिक होत नसतो. तो लॅब रिपोर्ट वाचत असतो.

कॅनाबिसही याच शाळेतलं. तेही बहुतांशी रात्रच मोजतं. आणि तिथे फुलावर येण्याचे परिणाम थेट कोर्टापर्यंत जातात.

'हॉट' झालं, जाळून टाका!

आता खऱ्या हेम्पकडे. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं हेम्पची शेती खुली झाली. अट एकच: सुक्या वजनात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर नको. टीएचसी म्हणजे नशा आणणारं द्रव्य. त्याच्या आत असाल तर तुम्ही शेतकरी. वर गेलात तर तुमचं पीक गांजा!

आणि ही रेघ कोण ओलांडतं? बहुतेक वेळा कॅलेंडर.

शेतकऱ्याला हवं असतं सीबीडी. नशा न आणणारं, पण तेला-मलमांत भाव खाणारं. फूल जसजसं पिकतं तसतसं सीबीडी वाढतं. शेतकरी खूश! पण त्याच फुलात टीएचसीही वाढत असतं, चोरपावलांनी. कारण सीबीडी तयार करणारं एन्झाइम अचूक नाही. दर वीस-तीस भाग सीबीडीमागे एखादा भाग टीएचसी त्याच्या हातून सांडतोच. आकडेमोड सोपी आहे: सीबीडी सहा-आठ टक्क्यांवर पोचलं की टीएचसी ०.३ ला टेकलंच. म्हणजे लोभ आणि कायदा यांच्यामध्ये उरतात काही मोजके दिवस.

अमेरिकन शेतकरी अशा पिकाला म्हणतात 'हॉट'. मुंबईत हॉट म्हणजे कौतुक, तिथे हॉट म्हणजे नांगर फिरवा नाहीतर जाळा.

सरकारी नमुना आणि कापणी यांच्यात किती दिवस असावेत, यावरही तिकडे रण पेटलं. आधीच्या नियमात होते १५ दिवस. शेतकऱ्यांनी बोंब मारली: पाऊस आहे, मजूर नाहीत, लॅबमध्ये रांग आहे, १५ दिवसांत कापायचं कसं? २०२१ च्या अंतिम नियमात ते ३० झाले. पण ३० दिवसांत फूल झोपून राहतं थोडंच!

माहीत आहे का, हा ०.३ चा आकडा आला कुठून? १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल नावाच्या कॅनेडियन शास्त्रज्ञानं आर्थर क्रॉन्क्विस्टसोबत या झाडाचं वर्गीकरण केलं. दोन गट पाडायला कुठेतरी रेघ हवी होती, म्हणून त्यांनी ०.३ वर मारली. ती आपण सोयीसाठी मारली, हे त्यांनी मोकळेपणानं लिहूनही ठेवलं. वनस्पतिशास्त्रातली एक पेन्सिलची रेघ पुढे निम्म्या जगाच्या कायद्यात शाईनं गिरवली गेली! युरोपनं तर आधी ०.२ धरलं आणि २०२३ पासून ०.३ केलं. आपल्याकडे उत्तराखंडनं २०१८ मध्ये देशात सर्वांत आधी व्यावसायिक हेम्पला परवाना दिला, तोही याच ०.३ च्या उंबरठ्यावर.

ताज्या झाडात नशाच नसते?

जवळजवळ नसते! आता हे वाक्य वाचून कुणी प्रयोग करू नये, म्हणून आधीच सांगतो: बेकायदा ते बेकायदाच.

पण केमिस्ट्री मात्र भन्नाट. हिरव्या झाडात टीएचसी नावापुरतं. असतं ते त्याचं आम्ल, टीएचसीए. सगळ्यांची आई एकच, सीबीजीए नावाचं आम्ल. कोवळ्या फुलात ही आई. मग वेगवेगळी एन्झाइमं तिच्यापासून टीएचसीए किंवा सीबीडीए घडवतात. उष्णता लागली की रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक बुडबुडा निसटतो आणि आम्लाचं होतं टीएचसी. ३५८ वजनाचा रेणू ३१४ चा होतो. ३१४ भागिले ३५८? ०.८७७! लॅबवाले टीएचसीएला नेमकं याच आकड्यानं गुणतात आणि मग ठरवतात, पीक वाचलं की गेलं. दहावीचं मोल-गणित शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडलं म्हणायचं.

कापणी फारच लांबली तर? टीएचसी स्वतःच शिळं होतं. हवा आणि उजेड लागून त्याचं सीबीएन होतं. झाडही वाट पाहून कंटाळतं.

टीएचसी पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना मांडली ती १९६४ मध्ये, इस्रायलच्या राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी. मॉर्फिन अफूतून वेगळं होऊन तेव्हा दीडशेहून अधिक वर्षं उलटली होती. इतकं जुनं, इतकं बदनाम झाड, आणि त्याचा मुख्य रेणू सापडला टीव्हीच्या जमान्यात!

गांज्याचे डॉक्टर

हा माझा लाडका तुकडा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

इंग्रजांच्या काळात गांजा सरकारी परवान्यानं पिकायचा. बंगालात राजशाही भागातल्या नौगावच्या आसपास त्याचा मोठा मुलूख होता. कॅनाबिसमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराचे पराग मादीला लागले की ती बी धरते आणि राळ कमी करते. म्हणून फुलं उमलायच्या आत शेतातला एकूण एक नर उपटायचा. एक दिवस उशीर झाला की अख्ख्या गावाचा माल बियाळ!

हे ओळखणार कोण? त्यासाठी खास तज्ज्ञ असायचे. त्यांना म्हणत पोद्दार. इंग्रज अधिकाऱ्यांनी चक्क त्यांना 'गांजा डॉक्टर' म्हणून ठेवलं. पोद्दार म्हणजे मुळात नाणी पारखणारा. इथे तो झाडं पारखायचा! कळ्या उकलायच्या आधी ओळीओळीनं फिरून नर वेगळे काढायचे, आठवड्याभरानं पुन्हा फेरी. फी घेऊन, अर्थात. ना सूक्ष्मदर्शक, ना लॅब. नुसती नजर आणि तारीख.

१८९३-९४ मध्ये या सगळ्याची चौकशी करायला बसलं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. साक्षीदार किती? १,१९३! डॉक्टर, कलेक्टर, शेतकरी, मिशनरी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, सगळे. मुंबई इलाख्यातही साक्षी झाल्या, कारण गांज्याची शेती आपल्या नगरकडेही होती. अहवालाचे खंड निघाले सात. निष्कर्ष? बेतानं घेतलं तर फार बिघडत नाही, बंदी नको, कर लावा. सात खंड लिहून शेवटी महसूल खातंच जिंकलं.

युरोपातल्या शेतकऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना तंतू हवा, म्हणून नर झाडं आधी उपटत: त्यांचा धागा मऊ, तलम. मादी बी पिकेपर्यंत उभी: तिचा जाडाभरडा. पण इंग्लंडात नावं उलटी! बारीक नराला म्हणत फिंबल, म्हणजे फीमेलचाच अपभ्रंश. आणि दणकट, बी धरणाऱ्या मादीला कार्ल, म्हणजे गडी माणूस. धट्टीकट्टी आहे म्हणजे पुरुषच असणार, असं त्यांना वाटलं. शेकडो वर्षं ही चूक कुणी दुरुस्तही केली नाही. नाव देताना लिनियसला निदान पान तरी दिसलं होतं.

कायद्याचंही कॅलेंडर असतं

माहीत आहे का? १९८५ चा अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा गांज्याची व्याख्या करतो ती झाडाच्या वयावरून! गांजा म्हणजे झाडाचे फुलावर किंवा फळावर आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बी त्यात मोडत नाहीत. म्हणून शिवरात्रीची भांग पानांची आणि तिच्यावर राज्याराज्यांचे आपापले नियम. म्हणून कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी घरोघरी. २०२१ मध्ये तर अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हेम्पचं बी आणि बियांचं तेल रीतसर खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं.

पण थांबा, परसात लावायला धावू नका. झाड परवान्याशिवाय लावणं हाच गुन्हा आहे, मग ते फुलो वा न फुलो. परवान्यानं तंतूसाठी किंवा बियांसाठी लावता येतं, ती सोय त्याच कायद्यात आहे.

परसात लावायचीच हौस असेल तर अंबाडी लावा. शेजारी दचकले की लिनियसचं नाव सांगा.

वाख, वाख, वाहवा!

आता दोर. अंबाडीच्या सालीतून निघणारा तंतू म्हणजे वाख. त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं, नाडे. विहिरीवरच्या मोटेपासून पोळ्याच्या बैलापर्यंत सगळं गाव वाखानं बांधलेलं असायचं. नायलॉन आलं आणि वाखाची गाठ सुटली.

वाखासाठी कापायची नेमकी वेळ? निम्म्या झाडांना फुलं आली की. पेरणीपासून साधारण शंभर ते सव्वाशे दिवस. त्याआधी कापलं तर तंतू मऊ पण कमी आणि कच्चा. बोंडं पिकेपर्यंत थांबलं तर भरपूर पण राठ, ठिसूळ. खलनायक कोण? लिग्निन! लाकडाला लाकूडपणा देणारं हेच ते द्रव्य. दर आठवड्याला ते खोडात सिमेंट ओततं. आतल्या भेंडात ते बाहेरच्या सालीपेक्षा जवळपास दुप्पट असतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पीळ बसतो की नाही, हे मात्र कापणीच्या तारखेवर ठरतं.

कापून झालं की काड्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवायच्या. तिथे दुसरं घड्याळ सुरू होतं. जंतू येतात आणि तंतूंना चिकटवून ठेवणारं पेक्टिन खातात. लवकर काढलं तर साल सुटत नाही. उशीर केला तर जंतू पेक्टिन संपवून तंतूवरच ताव मारतात! आणि वास? ब्युटिरिक आम्लाचा. खराब लोण्याला येतो तोच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या राज्यात तर नद्या-ओढ्यांत हेम्प भिजवायला कायद्यानं बंदी आली. मजा म्हणजे याच हेन्रीनं १५३३ मध्ये कायदा करून दर ६० एकर कसत्या जमिनीमागे पाव एकर हेम्प किंवा जवस पेरायची सक्ती केली होती. पेरा म्हणे, पण भिजवू नका!

एक पटकन: फाळणीत ज्यूटच्या गिरण्या राहिल्या कलकत्त्यात आणि बहुतेक शेतं गेली पूर्व पाकिस्तानात. गोणपाटाला कच्चा माल कुठून आणायचा? तेव्हा मदतीला आली मेस्ता, म्हणजे अंबाडीच, आपली आणि तिची लाल बहीण. आंध्रात तिचा पेरा झपाट्यानं वाढला.

आणखी एक: दुसऱ्या महायुद्धात आशियातून ज्यूट मिळेना, म्हणून अमेरिकेनं अंबाडीवर संशोधन सुरू केलं. पुढे त्यांच्या कृषी खात्यानं कागदासाठी ५०० हून अधिक वनस्पती तपासल्या, आणि पहिल्या रांगेत कोण? अंबाडी! १९८७ मध्ये 'बेकर्सफील्ड कॅलिफोर्नियन' या वर्तमानपत्रानं अंबाडीच्या कागदावर अंक छापून दाखवला. म्हणजे तिकडे भाजीवर बातम्या छापल्या. आपल्याकडे बातम्यांत भाजी बांधून मिळायची. टोयोटानं तर तिचे तंतू गाडीच्या दारांच्या आतल्या अस्तरात घातले. भिवंडीत एवढे यंत्रमाग, एवढी गोदामं. उद्या एखाद्या गोदामात असा दरवाजा येऊन पडला, तर अंबाडी अंबाडी नाक्यावरूनच जाईल!

शेंग वाजली की समजा

ताग (काही ठिकाणी बोरू) हेही इंग्रजीत हेम्पच, सन हेम्प. नात्यानं मात्र तूर-हरभऱ्याच्या घरातला. हवेतला नायट्रोजन मुळांवरच्या गाठींत साठवतो, म्हणून हिरवळीच्या खताला पहिला मान त्याचा.

गाडायचा कधी? सहा-सात आठवड्यांनी, फुलं दिसू लागताच. का? कोवळं खोड जंतू पटापट पचवतात आणि नायट्रोजन मातीत मोकळा करतात. पण "अजून थोडा वाढू दे" म्हणत राहिलात तर खोड लाकडी होतं, कार्बन वाढतो. मग ते कुजवायला जंतूंना जास्तीचा नायट्रोजन लागतो, आणि तो ते घेतात तुमच्याच मातीतून, उसना! खत घालायला गेलात आणि कर्ज काढून आलात.

माहीत आहे का, तागाच्या शास्त्रीय नावातल्या क्रोटलारियाचा अर्थ काय? ग्रीक भाषेतला खुळखुळा! शेंग सुकली की आत बिया वाजतात. त्याच्या रानटी भावंडांना मराठीतही खुळखुळाच म्हणतात. ग्रीक आणि आपण, एकाच आवाजाला एकच नाव. कापणीची वेळ झाली हे स्वतः वाजवून सांगणारं दुसरं पीक दाखवा! फक्त तो खुळखुळा गुरांच्या तोंडी नको: बियांत यकृताला घातक अल्कलॉइड असतात. कोवळ्यात खत, पिकल्यावर विष.

आंबट-चिंबट

शेवटी ताटाकडे.

अंबाडीची भाजी आंबट का? ऑक्झॅलिक, मॅलिक, सायट्रिक, टार्टरिक... आम्लांची अख्खी बारात! म्हणून विदर्भ-मराठवाड्यात पाला आधी उकडतात, पिळतात, पाणी फेकतात आणि मग कण्या, डाळ, शेंगदाणे, गूळ घालून वर लसणाची चरचरीत फोडणी. आजीला ऑक्झॅलेट पाण्यात विरघळतं हे सांगायला कुणी आलं नव्हतं. पिळायचं ते पिळायचंच. "पौष्टिक पाणी वाया का घालवायचं?" असं म्हणून मी एकदा न पिळता भाजी केली. घरात दोन दिवस सगळ्यांचे दात माझ्यावर होते. आंबलेले!

जुडी घ्यायची ती फुलायच्या आधीची. फुलावर आलेल्या अंबाडीचा पाला राठ होतो, आणि देठ वाखाची तयारी करत असतात. गुरांनासुद्धा हे कळतं: कोवळ्या अंबाडीच्या चाऱ्यात प्रथिनं जास्त, पुढे काडी वाढते तशी ती घटतात.

आणि लाल अंबाडी! हिबिस्कस सबदरिफा. हिची बोंडं, म्हणजे फुलाखालचं लालभडक मांसल आवरण, सरबत आणि चटणीला. त्यांचा लाल रंग अँथोसायनिनांचा. तोडायची कधी? फूल गळून दोन-तीन आठवडे झाले, बोंड टचटचीत भरलं, पण आतली बोंडी अजून हिरवी आहे तेव्हा. थांबलात तर रसरशीतपणा जातो, चिवट साल राहते. त्यात पेक्टिनही इतकं की जॅम वरून काही न घालता आपोआप बसतो.

घरी करून बघा: सरबताच्या चार थेंबांत चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल सरबत निळसर-हिरवं! लिंबू पिळा. पुन्हा लाल! मुलांसमोर करा, तासभर मोबाइल विसरतात.

माहीत आहे का? जमैकात हेच सरबत ख्रिसमसचं पेय आहे. तिथे नाव 'सॉरेल'. ख्रिसमसलाच का? पुन्हा रात्रीची लांबी! दिवस लहान झाल्यावर फुलणारं झाड, त्याची बोंडं तयार होतात ती नोव्हेंबर-डिसेंबरातच. सणानं सरबत निवडलं नाही, सूर्यानं निवडून दिलं. इजिप्तमध्ये तेच 'करकडे', मेक्सिकोत 'आग्वा दे हमायका', म्हणजे जमैकाचं पाणी. आंध्रात पाल्याचा गोंगुरा. आपल्या हॉटेलांत मात्र 'हिबिस्कस टी' म्हणून काचेच्या किटलीत येतं, आणि बिलावरचा आकडा बघून चेहऱ्याचा रंग सोड्याविनाच बदलतो.

राहिलं अंबाडीचं फूल. फिकट पिवळं, मधोमध गर्द किरमिजी डोळा. जास्वंदीला भेंडीनं नेसवावं तसं. हे उमलतं पहाटे, उजाडायच्या सुमाराला, आणि दुपारपर्यंत मिटून जातं. दुसऱ्या दिवशी तेच फूल नाही. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात वज्रेश्वरीला निघालात आणि वाटेत एखाद्या बांधावर अंबाडी दिसली, तर फोटो जाताना काढा. "येताना काढू" म्हणून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबत बसलात, तर परतीच्या एसटीतून दिसतील नुसत्या वळकट्या, आणि कंडक्टर विचारेल, "अंबाडी ना? उतरा."